एफएमजीई: दोन पर्यायांवर येऊन अडकतो, गुण १३०च्या पुढे सरकत नाहीत

खाडीकाठ, गुहागर

नमस्कार मंडळी. एमबीबीएस परदेशात झालं आहे, आता जून सत्राच्या एफएमजीईची (परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना भारतात नोंदणीसाठी द्यावी लागणारी परीक्षा) तयारी घरूनच चालली आहे. एकोणीसही विषयांचे व्हिडिओ पाहून झालेत, नोट्स तयार आहेत. तरी मॉकमध्ये गुण १२५ ते १३५च्या मध्येच घुटमळतात.

अडचण अशी की प्रश्न वाचला की विषय ओळखीचा वाटतो. दोन पर्याय लगेच बाद होतात. उरलेल्या दोनांत मात्र बहुतेक वेळा चुकीचा निवडला जातो. पीएसएमचे (सार्वजनिक आरोग्याचा विषय) आकडे तर आठवड्याभरात डोक्यातून जातात.

व्हिडिओ पुन्हा पाहावेत की आता फक्त प्रश्नच सोडवावेत? विषयांचा क्रम कसा लावावा? पीएसएमचं काय करावं? आणि एकदा टिकवलेलं (टिक केलेलं) उत्तर बदलावं की नाही? घरची कलमं आहेत, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये रोजचे तीन-चार तास आंब्याच्या कामात जाणार. पाऊस लागला की वीज आणि नेट दोन्ही बेभरवशाचे. हे धरूनच सांगावं ही विनंती.


कातळसडा, रत्नागिरी

व्हिडिओ पुन्हा पाहू नका. दुसऱ्यांदा पाहताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि परीक्षेत घात करते ती हीच ओळख. "हे कुठेतरी वाचलंय" एवढ्या भांडवलावर दोन पर्याय बाद करता येतात. उरलेल्या दोघांतला फरक तुम्ही कधी शब्दांत मांडलेलाच नसतो, म्हणून तिथे गाडी अडते.

आधी पेपरचा हिशेब डोक्यात पक्का करा. ३०० प्रश्न, १५०-१५०चे दोन भाग, प्रत्येक भागाला १५० मिनिटं, मध्ये सुट्टी. हल्ली प्रत्येक भागात ५० प्रश्न आणि ५० मिनिटं असे विभाग असतात. विभागाची वेळ संपली की तो बंद, मागे जाता येत नाही. त्यामुळे "शंका असलेले प्रश्न खूण करून ठेवू, सगळं झालं की शेवटी बघू" ही सवय आत्ताच मोडा. उत्तीर्ण व्हायला १५० गुण लागतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत.

गुण कापत नाहीत याचा अर्थ आकड्यांत बघा. १०० प्रश्न पक्के येतात आणि बाकीचे २०० डोळे मिटून टिकवले, तर त्यातले सरासरी ५० लागतात. बेरीज बरोबर १५०. पण सरासरीच्या भरवशावर बसलात तर जवळजवळ निम्म्या वेळा त्याखाली जाल. १२० पक्के असले तर उरलेल्या १८०मधून सरासरी ४५ मिळून १६५ होतात. अंदाज बरेच चुकले तरी दहा-बारा गुण कमी होतील, म्हणजे तरीही पास. तेव्हा खरं लक्ष्य १५० नसून १२० पक्के प्रश्न हे आहे.

आता उलटा हिशेब करा. मॉकमध्ये १३० पडतात आणि जे येत नव्हतं ते सगळं आंधळेपणाने टिकवलं असं धरलं, तर पक्के प्रश्न जेमतेम ७३ निघतात. तुम्ही दोन पर्याय बाद करून टिकवता, म्हणजे प्रत्यक्षात त्याहूनही कमी. हा आकडा कुठल्याही मॉकच्या निकालात दिसत नाही, म्हणून तो स्वतः काढायचा. सराव करताना प्रत्येक उत्तरापुढे एक खूण करा: पक्कं असेल तर "प", दोनांतलं असेल तर "द", निव्वळ अंदाज असेल तर "अं". दर आठवड्याला एकूण गुण न बघता फक्त "प" किती आणि त्यातले बरोबर किती ते बघा. "प" खूण असूनही चुकलेलं उत्तर सगळ्यात धोक्याचं, कारण तिथे चुकीची माहिती खात्रीने बसलेली आहे. ते त्याच दिवशी दुरुस्त करा.

रोज ५० प्रश्न, ५० मिनिटं, मध्ये उठायचं नाही, फोन बाजूला. नंतर त्याच ५० प्रश्नांवर दीड-दोन तास. खरा अभ्यास या दोन तासांत होतो. चुकलेले सगळे प्रश्न बघा, आणि "द" किंवा "अं" असताना बरोबर आलेलेही बघा. ते तुमच्या ज्ञानाने आलेले नाहीत.

चूक तीन तऱ्हेची असते आणि प्रत्येकीचं औषध वेगळं. माहीतच नव्हतं, तर नोट्समधला तेवढंच अर्धं पान वाचा, पूर्ण प्रकरण नको. माहीत होतं पण आठवलं नाही, तर एका कागदावर प्रश्न आणि पाठीमागे उत्तर लिहून तो दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि बाविसाव्या दिवशी पुन्हा समोर आणा. वाचताना चुकलं, तर अभ्यास वाढवून काहीही उपयोग नाही, वाचायची पद्धत बदला. पेपर इंग्रजीत असतो आणि प्रश्नाची शेवटची ओळ सगळं ठरवते. आधी ती वाचा, मग रुग्णाची हकिगत. "एक्सेप्ट", "नेक्स्ट स्टेप", "डेफिनिटिव्ह", "मोस्ट कॉमन" या शब्दांवर थांबायचंच. छातीला मार लागलेला रुग्ण, श्वासनलिका एका बाजूला सरकलेली, मानेच्या शिरा फुगलेल्या, रक्तदाब कोसळलेला. इथे "नेक्स्ट स्टेप" विचारलं तर सुईने हवा काढणं. "डेफिनिटिव्ह" विचारलं तर छातीत नळी. एक्स-रेचा पर्याय दोन्हीकडे ठेवलेला असतो आणि तो दोन्हीकडे चूक, कारण टेन्शन न्यूमोथोरॅक्समध्ये एक्स-रेची वाट पाहायची नसते.

दोन पर्यायांच्या रोगावर उपाय एकच: चारही पर्यायांना जाब विचारा. एक प्रश्न पूर्ण करून दाखवतो.

३५ वर्षांचा शेतमजूर, रात्री घरात जमिनीवर झोपला होता. पहाटे पोटात दुखून जाग आली. तासाभरात पापण्या मिटू लागल्या, गिळता येईना. अंगावर सूज नाही, दंशाची खूण सापडत नाही. २० मिनिटांच्या चाचणीत काचेच्या नळीतलं रक्त गोठलं. साप कोणता? नाग, मण्यार, घोणस, फुरसं.

उत्तर मण्यार. टिकवून पुढे गेलात तर एकच गुण मिळाला. आता प्रत्येक पर्यायाला विचारा की मजकुरात काय बदललं असतं तर तू बरोबर ठरला असतास. नाग: पापण्या मिटणं सारखंच, पण दंशाच्या जागी सूज आणि पुढे मांस काळं पडणं. शिवाय नागाचं विष चेतातंतूच्या पुढच्या बाजूला, रिसेप्टरवर बसतं, म्हणून नीओस्टिग्मिनचा उपयोग होतो. मण्यारचं प्रामुख्याने अलीकडे, तंतूच्या टोकावर काम करतं, म्हणून तितका होत नाही. हा स्वतंत्र प्रश्न म्हणून विचारला जातो. घोणस: नळीतलं रक्त गोठत नाही, सूज मोठी, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. इथे एक सापळा आहे. काही भागांतल्या घोणशीच्या दंशातही पापण्या मिटतात, म्हणून फक्त पापण्यांवर निर्णय घ्यायचा नाही, रक्त गोठलं का ते बघायचं. फुरसं: रक्त न गोठणं हीच मुख्य खूण, मूत्रपिंडाचा त्रास घोणशीपेक्षा कमी.

मग प्रतिसर्पविषाकडे या. भारतात मिळणारं प्रतिसर्पविष या चारही सापांवर एकत्र चालतं, म्हणून साप ओळखेपर्यंत थांबायचं नाही. सुरुवातीचा डोस साधारण १० कुप्या. मुलाचा डोस किती? मोठ्या माणसाइतकाच, कारण साप मुलाला विष कमी सोडत नाही. वजनावर डोस काढणारा पर्याय हमखास दिलेला असतो आणि बालरोगाचा अभ्यास नुकताच झालेला विद्यार्थी तोच उचलतो.

एका प्रश्नातून असे पाच-सहा प्रश्न निघतात. महिनाभर हे केलंत की "उरलेल्या दोनांत" अडकणं आपोआप कमी होतं.


लाल माती, कणकवली

पीएसएमबद्दल लिहितो, कारण त्याची हेळसांड फार होते. पीएसएमला ३० गुण आहेत. मेडिसिनला ३३, सर्जरीला ३२, स्त्रीरोग-प्रसूतीला ३०. म्हणजे चार मोठ्या विषयांपैकी हा एक, आणि त्यातला एकटा असा की ज्याचे बरेचसे गुण निव्वळ आकड्यांवर आणि गणितावर मिळतात.

आकडे वाचून राहत नाहीत, रिकाम्या चौकटीत भरून राहतात. कोऱ्या कागदावर तीन चौकटी आखा: आरोग्य केंद्रांची लोकसंख्या, लसी, पाणी. दर दोन दिवसांनी पुस्तक न बघता भरा, मग लाल पेनाने दुरुस्त करा. दहा मिनिटांचं काम आहे. लाल खुणा ज्या घरात पुन्हा पुन्हा येतात तेवढंच पाठ करा.

लोकसंख्येत सपाट भाग आणि डोंगरी-आदिवासी भाग वेगळे. उपकेंद्राला ५,००० आणि ३,०००. प्राथमिक आरोग्य केंद्राला ३०,००० आणि २०,०००. ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीच्या सीएचसीला (सामुदायिक आरोग्य केंद्राला) १,२०,००० आणि ८०,०००. प्रश्नात "हिली" हा एक शब्द असतो आणि तो नजरेतून सुटला की दुसरा आकडा टिकवला जातो. चारही आकडे पर्यायांत हजर असतात.

लसींमध्ये वेळापत्रकापेक्षा साठवणुकीवर जास्त अडखळायला होतं. आयएलआर (लसींचा खास फ्रिज) २ ते ८ अंश सेल्सिअस, डीप फ्रीझर उणे १५ ते उणे २५. उष्णतेने सगळ्यात लवकर खराब होते ती तोंडाने देण्याची पोलिओ लस. गोठल्याने खराब होतात त्या हेपॅटायटिस बी, पेंटाव्हॅलंट, टीडी (धनुर्वात-घटसर्पाची). गोठली का हे पाहायची शेक टेस्ट याच गटासाठी, पोलिओच्या थेंबांसाठी नव्हे. उघडलेली कुपी किती दिवस? पेंटा, टीडी, पोलिओचे थेंब योग्य तापमानात २८ दिवसांपर्यंत. बीसीजी आणि एमआर (गोवर-रुबेला) विरघळवल्यानंतर ४ तास. बीसीजीचा डोस पहिल्या महिन्यात ०.०५ मिली, नंतर ०.१ मिली, डाव्या दंडावर, त्वचेच्या आत.

विहिरीचं गणित आपल्याकडच्या कोणाला अवघड वाटू नये. गोल विहीर, व्यास ३ मीटर, पाण्याची उंची ४ मीटर. ३.१४ गुणिले व्यासाचा वर्ग गुणिले उंची, भागिले ४. म्हणजे २८.२६ घनमीटर, म्हणजे २८,२६० लिटर. चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर हजार लिटरला साधारण २.५ ग्रॅम, म्हणून इथे सुमारे ७१ ग्रॅम. तासभर थांबायचं, नंतर मोकळं उरलेलं क्लोरीन लिटरला ०.५ मिलिग्रॅम असायला हवं. चूक होते ती दोन जागी: व्यासाऐवजी त्रिज्या घेऊन पुन्हा ४ने भागणं, आणि घनमीटरचे लिटर करताना शून्य गाळणं. पाणी गढूळ असेल तर २.५ ग्रॅमचा ढोबळ हिशेब पुरत नाही, मग हॉरॉक्स उपकरण. त्यात ज्या पांढऱ्या कपात पहिल्यांदा स्पष्ट निळा रंग येतो त्याचा क्रमांक गुणिले २ ग्रॅम, ही ४५५ लिटरसाठीची मात्रा. तिसऱ्या कपात निळं आलं तर ६ ग्रॅम.

आता चाचणीचं गणित. सूत्र पाठ करू नका, चार घरं आखा आणि मनाने १,००० माणसं घ्या. पावसाळ्यात तापाच्या रुग्णांवर लेप्टोची एक झटपट चाचणी करतोय असं धरा. सेन्सिटिव्हिटी ९० टक्के, स्पेसिफिसिटी ८० टक्के, हजारांत खरा आजार १०० जणांना. आजारी १००पैकी ९० पॉझिटिव्ह, १० निसटले. निरोगी ९००पैकी ७२० निगेटिव्ह, १८० खोटे पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह २७०, त्यातले खरे ९०. पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू ३३ टक्के.

तीच चाचणी, पण भातलावणीच्या दिवसांत साथ असलेल्या गावात आजाराचं प्रमाण हजारांत ४००. आता खरे पॉझिटिव्ह ३६०, खोटे १२०. व्हॅल्यू एकदम ७५ टक्के. चाचणी बदललेली नाही, सेन्सिटिव्हिटी बदललेली नाही, फक्त प्रमाण बदललं. "प्रीव्हॅलन्स वाढला तर काय बदलेल" हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आणि सेन्सिटिव्हिटीचा पर्याय सगळ्यांना खुणावतो. हे गणित एकदा हाताने दोन्ही आकड्यांनी केलंत की ती चूक होत नाही. नुसतं विधान पाठ केलंत तर होते.


अणुस्कुरा, राजापूर

दोघांचंही पटलं, एका गोष्टीत थोडा मतभेद आहे. चारही पर्याय उलगडायचं काम सगळ्या ५० प्रश्नांवर करायला बसलात तर दिवस संपेल आणि आठवड्यात कंटाळा येईल. चुकलेले आणि "द" खुणेचे, एवढ्यांवरच करा. "प" आणि बरोबर असलेला प्रश्न मागे सोडा.

क्रमाबद्दल. २०० गुण क्लिनिकलचे, १०० प्री आणि पॅराक्लिनिकलचे. अॅनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री प्रत्येकी १७, पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, फार्माकोलॉजी प्रत्येकी १३, फॉरेन्सिक १०. पीडियाट्रिक्स, नेत्र आणि ईएनटी प्रत्येकी १५. मानसोपचार, त्वचा, रेडिओथेरपी, ऑर्थो, भूल, रेडिओलॉजी प्रत्येकी ५.

यातून माझा सल्ला असा. नेत्र आणि ईएनटी मिळून ३० गुण आणि दोन्हींचा आवाका मेडिसिनच्या मानाने फारच लहान. हे दोन पहिल्या पंधरवड्यात नीट करा. मग पीएसएम, पीडियाट्रिक्स, स्त्रीरोग-प्रसूती. पॅथॉलॉजी, मायक्रो आणि फार्मा वेगवेगळे न करता मेडिसिनच्या त्या त्या प्रकरणाबरोबर करा. बायोकेमिस्ट्री आणि अॅनाटॉमी संपूर्ण वाचायचा हट्ट सोडा. तिथे मागील प्रश्नांचे विषय धरून तेवढेच: चेतांना इजा झाल्यावर काय लुळं पडतं, मेंदूच्या रक्तवाहिन्या, जीवनसत्त्वं, साठवणुकीचे विकार, एन्झाइमची कमतरता. पाच-पाच गुणांचे सहा विषय मिळून ३० होतात, पण प्रत्येकाचं पूर्ण पुस्तक उघडलंत तर पीएसएमपेक्षा जास्त वेळ खातात. त्यांचे फक्त प्रश्न आणि चित्रं करा.

एकत्र करण्याचं उदाहरण आपल्या मातीतलंच घ्या. लाल विंचू. दंशानंतर घाम, उलट्या, हातपाय गार, हृदयाचे ठोके वाढलेले, पुढे फुप्फुसात पाणी. हे सगळं शरीरातून एकदम सुटलेल्या कॅटेकोलामाइन्समुळे (अॅड्रेनलिनसारखी द्रव्यं). म्हणून औषध प्राझोसिन, अल्फा-१ रोखणारं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रायगड जिल्ह्यातल्या रुग्णांवर काम करून हे उपचार जगासमोर मांडले. फिजिओलॉजी, फार्मा, मेडिसिन तिन्ही एका दंशात येतात. आता पर्यायांना जाब विचारा. अॅट्रोपीन का नको? घाम-लाळ कमी करण्याच्या मोहाने दिलं तर ठोके आणखी वाढतात. नुसता बीटा ब्लॉकर का नको? बीटा अडवला की अल्फाला मोकळं रान मिळतं आणि रक्तवाहिन्या आणखी आवळतात. हाच नियम फिओक्रोमोसायटोमात (हीच द्रव्यं सोडणारी गाठ): आधी अल्फा, मग बीटा. एका धाग्याने दोन प्रकरणं बांधली गेली.

तापाचंही तसंच. आपल्याकडे पावसात येणारे ताप एका पानावर शेजारी शेजारी लिहा. लेप्टो: पोटऱ्या दुखणं, डोळे लाल पण चिकटा नाही, कावीळ आणि मूत्रपिंड एकत्र, प्रमाणचाचणी एमएटी (मायक्रोस्कोपिक अॅग्लुटिनेशन टेस्ट). स्क्रब टायफस: काळी खपली, चिगर नावाची माइटची सूक्ष्म अळी, डॉक्सिसायक्लीन. डेंगी: प्लेटलेट उतरतात, हिमॅटोक्रिट चढतं, आणि धोका ताप उतरताना. माकडताप: माकडं मरून पडणं, हिमाफायसालिस गोचीड, फ्लॅव्हिव्हायरस. दोडामार्ग-बांद्याकडे माकडताप आला तेव्हापासून आपल्याला तो नकाशावर शोधावा लागत नाही. लेप्टोचा प्रतिबंधक डोस डॉक्सिसायक्लीन २०० मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा, उपचाराचा १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. हे दोन्ही आकडे एकाच प्रश्नाच्या पर्यायांत येतात.

अशा जोड्यांची वही वेगळी ठेवा. पानाच्या मधोमध रेघ, दोन्ही बाजूंना एकेक आजार, आणि फक्त फरक लिहायचे, साम्य नाही. कवटीतला रक्तस्राव, एक्स्ट्राड्युरल: भिंगासारखा फुगीर, मिडल मेनिंजियल धमनी. सबड्युरल: चंद्रकोरीसारखा, ब्रिजिंग शिरा. गरोदरपणातला रक्तस्राव, प्लासेंटा प्रीव्हिया: दुखत नाही, गर्भाशय मऊ. अॅब्रप्शन: दुखतं, गर्भाशय कडक. पायलोरिक स्टेनोसिस: उलटीत पित्त नाही, तीन ते सहा आठवड्यांचं बाळ. ड्युओडेनल अट्रेशिया: बहुधा पित्ताची उलटी, जन्मताच, एक्स-रेत दोन फुगे. पेम्फिगस व्हल्गॅरिस: फोड लिबलिबीत, तोंडात व्रण, डेस्मोग्लीन ३. बुलस पेम्फिगॉइड: फोड ताठ, वयस्कर रुग्ण, तोंड बहुधा वाचतं. ग्लॉकोमाच्या तीव्र झटक्यात बाहुली मध्यम विस्फारलेली, आयरायटिसमध्ये बारीक. अशी ८०-९० पानं भरली की "उरलेले दोन पर्याय" बहुतेक वेळा याच वहीतली एखादी जोडी असते.

चित्रांच्या प्रश्नांसाठी रोज दहा चित्रं. आधी मजकूर झाकून चित्रात काय दिसतं ते तोंडाने बोला, निदान नंतर. "उजव्या डायफ्रॅमखाली हवा" एवढं बोलता आलं तर आतडं फुटल्याचं निदान पुढे आपसूक येतं. थेट निदान ओळखायला गेलात तर पुस्तकातलं तेच चित्र आलं तरच जमतं, आणि परीक्षेत ते वेगळंच येतं.


खाडीकाठ, गुहागर

मनापासून आभार. "प-द-अं" आजच्या ५० प्रश्नांवर करून पाहिलं, आणि गुण का अडकलेत ते पहिल्यांदा दिसलं. दोन शंका उरल्या. उत्तर बदलण्याबद्दल कोणी बोललं नाही. आणि कलमांवर काम करताना ते तास पूर्ण फुकट जाऊ नयेत म्हणून काही करता येतं का?


कातळसडा, रत्नागिरी

बदलण्यासाठी नियम ठेवा: मजकुरातला एखादा शब्द दाखवता आला तरच बदलायचं. "हिली वाचलंच नव्हतं", "एक्सेप्ट निसटला", "वय दोन महिने आहे, दोन वर्षं नाही". अशा कारणाने बेधडक बदला. "आता हे बरं वाटतंय" एवढ्यावर बदलू नका. सरावात बदललेल्या प्रत्येक उत्तरापुढे बाण काढा आणि महिन्याने मोजा: चुकीचं बरोबर झालेली किती, बरोबरचं चुकीचं झालेली किती. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा असतो, तुमचा आकडा तुम्हाला सांगेल.

वेळेचं म्हणाल तर ५० प्रश्नांची पहिली फेरी ४० मिनिटांत. ७५ सेकंद झाले आणि उत्तर सुचत नसलं तर त्या क्षणी जो बरा वाटेल तो टिकवा, खूण करा, पुढे चला. रिकामा सोडून पुढे जाऊ नका, कारण शेवटी विसरलात तर चतुर्थांश शक्यताही गेली. उरलेली दहा मिनिटं फक्त खूण केलेल्यांना.

कामाच्या तासांत नवीन काही ऐकू नका, डोक्यात बसत नाही. आदल्या रात्रीच्या जोड्या तोंडाने बोला. "प्रीव्हिया" म्हणायचं आणि फरक आठवायचे. जिथे अडखळलात तेवढे चार-पाच शब्द संध्याकाळी वहीत बघा. आंबे पेटीत भरताना हे उत्तम जमतं. आणि ५० प्रश्नांचा विभाग पहाटे, काम सुरू व्हायच्या आधी उरका. दमल्यावर सोडवलेल्या विभागात वाचनाच्या चुका वाढतात आणि मग आपण उगाच समजतो की विषय कच्चा आहे.


बंदरवाट, वेंगुर्ला

सगळ्यांनी अभ्यासाचं लिहिलं, मी पावसाचं लिहिते.

जून सत्र म्हटलं तरी परीक्षा भर पावसात येते. २०२४ला ती ६ जुलैला झाली, २०२५ला २६ जुलैला. प्रश्नसंच, चित्रं, नोट्स मे संपायच्या आत फोनमध्ये उतरवून ठेवा, आणि जोड्यांची वही कागदाचीच असू द्या. संगणकावरच्या पूर्ण ३०० प्रश्नांच्या मॉक जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत निदान तीन करून घ्या, परीक्षेच्याच वेळेला, मधल्या सुट्टीसकट. पडद्यावर लांबलचक मजकूर वाचायची सवय कागदाने होत नाही. पुढे वीज गेली तरी ५० प्रश्नांचे विभाग कागदावर घड्याळ लावून करता येतात.

शेवटचे तीन आठवडे नवीन काही उघडू नका. पहिल्या आठवड्यात चुकांची वही, दुसऱ्यात जोड्या आणि पीएसएमच्या चौकटी, तिसऱ्यात पुन्हा चुकांची वही, पण फक्त "प" असून चुकलेले. शेवटच्या आठवड्यात मॉक देऊ नका. गुण पाच-दहा इकडेतिकडे झाले की झोप उडते, हाती काही लागत नाही.

केंद्र घराजवळ मिळेल असं धरू नका. अर्ज सुरू झाल्या झाल्या भरा आणि मुंबई, पुणे, कोल्हापूर यातलं जे मिळेल त्याच्या प्रवासाचा विचार तेव्हाच करा. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक जूनच्या मध्याच्या सुमारास लागू होतं, गाड्या सावकाश चालतात आणि सुटायच्या वेळा बदलतात. जुन्या वेळेवर विसंबून तिकीट काढू नका. घाटात दरड आली की रस्ता कधी मोकळा होईल सांगता येत नाही, म्हणून कोल्हापूर केंद्र आलं तर करूळ किंवा आंबा यातला एकच घाट मनात धरून निघू नका. दोन दिवस आधी पोचा. एक दिवस आधी ही आपल्यासाठी पुरेशी वेळ नाही. प्रवेशपत्र आणि माहितीपत्रकात मागितलेली कागदपत्रं प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत, प्रवेशपत्राची एक प्रत दुसऱ्या बॅगेत. ओळखपत्रावरचं नाव आणि अर्जावरचं नाव अक्षरशः तेच आहे ना, हे अर्ज भरतानाच तपासा. आपल्याकडे आधारवर वडिलांचं नाव मध्ये असतं आणि पासपोर्टवर बऱ्याचदा वेगळ्या क्रमाने.

मधल्या सुट्टीत पहिल्या भागातल्या प्रश्नांवर कोणाशी बोलू नका. पाणी, थोडं खाणं, आणि दुसऱ्या भागाच्या पहिल्या प्रश्नाची शेवटची ओळ आधी वाचायची. घाबरू नको रे, सगळा जमतला. मेच्या अखेरीस तुमचे "प" किती झाले ते इथे लिहा, म्हणजे शेवटच्या महिन्यात कोणते विषय सोडायचे ते बघून सांगता येईल.